थोरली आणि धाकटी : आनुवंशिक सुजेच्या एका कुटुंबातली उलटी निदाने

दोन सख्ख्या बहिणी. थोरली ३० वर्षांची, धाकटी २६ची. थोरलीला अकराव्या वर्षापासून कधी हात, कधी पोट, कधी चेहरा असे सुजते. धाकटीला आजवर एकदाही सूज आलेली नाही. दोघींच्या रक्ताचे अहवाल आले तेव्हा थोरलीच्या कागदावर ‘आनुवंशिक अँजिओएडिमा नाही’ असा शेरा होता आणि धाकटीच्या कागदावर ‘आजाराची दाट शक्यता’. दोन्ही शेरे चुकले होते. नळ्यांची अदलाबदल झालेली नव्हती, यंत्रेही नीट चालत होती. थोरलीच्या रक्ताला चुकीचा प्रश्न विचारला गेला होता. धाकटीला विचारलेला प्रश्न बरोबर होता, पण त्याचे उत्तर तिच्या शरीरात नव्हे, नळीत तयार झाले होते.

हे कुटुंब आणि त्याचे आकडे कुणा एका घरातले नाहीत. या आजारात पुन्हा पुन्हा दिसणारी घडण एकत्र आणून ते जुळवले आहेत. त्यामागचे जैवरसायन, मात्रा आणि कामाच्या पद्धती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

थोरलीची हकिकत

पहिली सूज सायकलवरून पडल्यावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत असा फुगला की मूठ मिटेना. खाज नाही, लाली नाही, गांधी नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सूज आपोआप उतरली. एकोणिसाव्या वर्षी पोटात असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड आणि पोटात थोडे पाणी दिसले. अपेंडिक्स काढले गेले, ते निरोगी निघाले. चोविसाव्या वर्षी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षाला दोन-तीनदा येणारी सूज महिन्यातून दोनदा येऊ लागली. एकोणतिसाव्या वर्षी ओठ आणि डावा गाल सुजला. अॅड्रेनालिन दिले, फेनिरामाइन दिले, हायड्रोकॉर्टिसोन दिले. सूज वाढतच राहिली आणि आपल्या वेळेने, तिसऱ्या दिवशी उतरली.

औषधांनी काहीच फरक न पडणे हाच इथला सर्वांत मोठा पुरावा होता. हिस्टामाइनची, म्हणजे अॅलर्जीची, सूज अॅड्रेनालिनला दाद देते. ब्रॅडिकायनिनची, म्हणजे रक्तवाहिन्या पाझरायला लावणाऱ्या एका रेणूची, सूज देत नाही. ती साधारण १२ ते ३६ तास चढत जाते आणि दोन ते पाच दिवसांत ओसरते. केस पेपरवर ‘उपचारांना प्रतिसाद नाही’ असे लिहून पान उलटले गेले, तिथेच थांबायला हवे होते. आणखी एक खूण होती. सूज येण्याच्या आदल्या दिवशी थोरलीच्या छातीवर आणि दंडांवर नागमोडी, तांबूस, न खाजणारी नक्षी उमटायची. तिला दोनदा पित्ताच्या गांधी म्हटले गेले. गांधी खाजतात. ही नक्षी खाजत नाही, त्वचेच्या वर उठत नाही आणि या आजारात झटक्याची पूर्वसूचना म्हणून अनेक रुग्णांत दिसते.

वडिलांना, वय ५८, रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी जीभ सुजली होती. त्याची नोंद ‘औषधाची अॅलर्जी’ अशी झाली. वडिलांची आई चाळिशीत एका रात्री घशाला सूज येऊन गुदमरून गेली. ही माहिती घरात सगळ्यांना होती. कुणी विचारली नव्हती म्हणून कागदावर आली नाही.

मग अहवाल आला. सी४ (‘कॉम्प्लिमेंट’ या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतले एक प्रथिन) : ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर (मर्यादा १० ते ४०). सी३ : ठीक. सी१-इनहिबिटर प्रथिन (काही एन्झाइमांना आवरणारे, या आजारात कमी पडणारे) : ३४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर (मर्यादा २१ ते ३९). प्रथिन भरपूर आहे, तेव्हा त्याची कमतरता नाही, तेव्हा आजार नाही, असा तर्क. प्रथिन काम करते का हे पाहणारी कार्यचाचणी मागवलीच गेली नाही.

प्रथिन आहे, पण पकड नाही

सी१-इनहिबिटर ४७८ अमिनो आम्लांचे, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेले प्रथिन आहे. त्याचे काम उंदराच्या सापळ्यासारखे चालते. त्याच्या टोकाशी एक लवचिक फास असतो. सी१एस, सी१आर, फॅक्टर १२ए किंवा कॅलिक्रीन यांच्यापैकी एखादे एन्झाइम तो फास कापायला गेले की सापळा मिटतो आणि एन्झाइम कायमचे अडकते. एका सापळ्यात एकच शिकार. मग दोघेही यकृताकडे जाऊन नष्ट होतात. फासातली कळीची जागा म्हणजे आर्जिनीन हे अमिनो आम्ल. सिग्नल पेप्टाइड धरून मोजले तर ते ४६६व्या जागी येते आणि परिपक्व प्रथिनात ४४४व्या.

टाइप १ मध्ये, म्हणजे सी१-इनहिबिटरची उणीव असलेल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत, प्रथिन रक्तात पुरेसे येतच नाही. सी१-इनहिबिटर बनवणाऱ्या सर्पिंग१ जनुकाची एक प्रत चांगली असते, त्यामुळे पातळी निम्मी राहावी असा हिशेब कुणीही करेल. प्रत्यक्षात ती ५ ते ३० टक्क्यांवर घसरलेली असते. कारण जे थोडे प्रथिन उरते तेही मोकाट एन्झाइमांना पकडण्यात खर्ची पडते. शिवाय काही बदलांमध्ये वाकडे झालेले प्रथिन पेशीच्या आतच चांगल्या प्रथिनाला धरून ठेवते, हे २०१९ मध्ये दाखवले गेले.

उरलेल्या सुमारे १५ टक्क्यांत, म्हणजे टाइप २ मध्ये, सापळा रक्तात येतो पण मिटत नाही. बहुतेकदा त्या आर्जिनीनच्या जागी सिस्टीन किंवा हिस्टिडीन आलेले असते. न मिटणारा सापळा कुणालाच पकडत नाही, म्हणून खर्चही होत नाही आणि रक्तात साचून राहतो. त्यामुळे प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत आकडा ठीक येतो, कधी जास्तही येतो. थोरलीचे ३४ हे निकामी सापळ्यांचे वजन होते. सी४ ५ आणि प्रथिन ३४ हे दोन आकडे शेजारी ठेवले की तिसरी चाचणी मागवलीच पाहिजे, कारण सी४ला कापते ते मोकाट सी१एस, आणि सी१-इनहिबिटर काम करत असता तर सी४ असा झिजला नसता.

कार्यचाचणीची नेहमीची क्रोमोजेनिक पद्धत साधी आहे. प्लाझ्मात मोजून सी१एस घालायचे, सी१-इनहिबिटरला ते पकडू द्यायचे, मग रंग सोडणारा सबस्ट्रेट घालायचा. न पकडलेले सी१एस तो कापते आणि द्रव पिवळा होतो. ४०५ नॅनोमीटरला वाचायचे. रंग जितका गडद, तितका सापळा निकामी. थोरलीचे कार्य २१ टक्के आले, वडिलांचे १८. सी१-इनहिबिटर आणि सी१ यांचे मिलन मोजणारी एलायझा पद्धतही वापरात आहे, पण काठावरच्या नमुन्यांत क्रोमोजेनिक पद्धतच जास्त भरवशाची ठरते. दोन्हींचे निकाल जुळले नाहीत तर एलायझावर निदान फेटाळू नये.

सी४ झिजतो एका वाटेवर, सूज येते दुसऱ्या वाटेने

क्विंके यांनी १८८२ मध्ये या सुजेचे वर्णन केले. ऑस्लर यांनी १८८८ मध्ये पाच पिढ्यांचे कुटुंब मांडून ती वारशाने येते हे दाखवले. कारण सापडायला १९६३ साल उजाडले. डोनाल्डसन आणि इव्हान्स यांनी सी१-इनहिबिटरची उणीव शोधली आणि त्यानंतर बरीच वर्षे सूज कॉम्प्लिमेंटच्या तुकड्यांमुळे येते असा समज राहिला. सी४ कमी दिसतो, सी४ कॉम्प्लिमेंटचा आहे, म्हणजे सूजही कॉम्प्लिमेंटचीच, असा तो सरळ तर्क होता.

तो मोडणारे दोन पुरावे इतके सुंदर आहेत की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिला, १९९०च्या दशकात अभ्यासलेले एक कुटुंब. त्यांच्या सी१-इनहिबिटरमध्ये ४४३व्या जागी अॅलॅनीनऐवजी व्हॅलीन होते. हा सापळा सी१एसला पकडेना, पण कॅलिक्रीनला व्यवस्थित पकडे. परिणाम असा की सी४ कमी, आणि सूज अजिबात नाही. दुसरा, २००२ मधला उंदरांवरचा प्रयोग. सी१-इनहिबिटर नसलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्या पाझरत होत्या. त्याच उंदरांत ब्रॅडिकायनिनचा बी२ रिसेप्टरही काढून टाकला तेव्हा पाझर थांबला. म्हणजे सी४ हा कार्य ढासळल्याची खूण तेवढा दाखवतो, सूज येते ती कॅलिक्रीनच्या वाटेने.

यातून एक अडचण पुढे येते आणि तिची जाणीव प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हवी. नेहमीची कार्यचाचणी सी१एसवरची पकड मोजते, कॅलिक्रीनवरची नव्हे. निदानासाठी ती पुरते. मार्गाचा अभ्यास करायचा असेल तर कॅलिक्रीनच्या बाजूनेही मोजावे लागते.

ही दुसरी वाट, जिला संपर्क मार्ग म्हणतात, ती अशी. फॅक्टर १२ला ऋण विद्युतभार असलेला पृष्ठभाग मिळाला की तो जागा होतो. जागा झालेला १२ए प्रीकॅलिक्रीनला कापून कॅलिक्रीन बनवतो. कॅलिक्रीन उलट फिरून आणखी फॅक्टर १२ जागा करते, आणि त्याच वेळी हाय मॉलिक्युलर वेट कायनिनोजेनला दोन ठिकाणी कापून नऊ अमिनो आम्लांचे ब्रॅडिकायनिन मोकळे करते. ब्रॅडिकायनिन वाहिनीच्या आतल्या पेशींवरच्या बी२ रिसेप्टरला लागले की पेशींमधल्या शिवणी सैल होतात आणि प्लाझ्मा ऊतींत पाझरतो. एकमेकांना पेटवणाऱ्या या जोडीला आवरणारा मुख्य लगाम सी१-इनहिबिटर. फॅक्टर १२एला आवरण्याचे जवळजवळ सगळे काम त्याच्याकडे आहे. कॅलिक्रीनच्या बाबतीत अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन बराच वाटा उचलते.

ब्रॅडिकायनिन रक्तात अर्ध्या मिनिटाच्या आतच निम्मे उरते. ते मोडणाऱ्या एन्झाइमांत प्रमुख एसीई. वडिलांच्या एनालाप्रिलने नेमके हेच एन्झाइम अडवले होते. एका बाजूला लगाम नसल्याने ब्रॅडिकायनिन जास्त तयार होत होते, दुसऱ्या बाजूला गोळीने त्याचा निचरा बंद केला. त्यांना अॅलर्जी कधीच नव्हती.

धाकटीचा नमुना

कुटुंबाचा नीट अभ्यास करायचा ठरले तेव्हा धाकटीचे रक्त निरोगी नातेवाईक म्हणून, तुलनेसाठी घेतले गेले. शनिवारी दुपारी रक्त काढले, सायट्रेटच्या नळीत घेतले, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा केला आणि ‘खराब होऊ नये’ म्हणून ४ अंशाच्या फ्रिजमध्ये ठेवला. सोमवारी सकाळी बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यातून तो रवाना झाला.

निकाल : सी१-इनहिबिटर कार्य ५६ टक्के (मर्यादा ७०च्या वर), प्रथिन खालच्या काठावर, आणि कापले गेलेले कायनिनोजेन ६३ टक्के, थोरलीच्या बरोबरीचे नव्हे तर तिच्याहून जास्त. मागून आलेला शेरा वर दिलाच आहे. घरात लगेच चर्चा सुरू झाली की धाकटीलाही आजीसारखे होणार. एका निरोगी मुलीने सहा आठवडे घशाला हात लावून झोपावे एवढी या एका कागदाची किंमत होती.

त्याच कागदावर दोन आकडे विरुद्ध साक्ष देत होते. सी४ २२ होता, म्हणजे अगदी ठीक. उपचार न घेतलेल्या टाइप १ आणि २च्या रुग्णांत सी४ बहुधा कमीच असतो. क्वचित झटक्यांच्या मधल्या काळात ठीक येतो, म्हणून त्या एकट्यावर निदान फेटाळत नाहीत, पण कार्य घटलेले आणि सी४ भरपूर ही जोडी संशय घेण्यासारखी आहे. दुसरा आकडा एपीटीटीचा : २२ सेकंद, मर्यादा २६ ते ३६. रक्त गोठण्याचा वेळ असा आखूड येणे म्हणजे गोठण्याच्या साखळीतले एखादे फॅक्टर चाचणीआधीच जागे झाले आहेत.

गारठा हेच करतो. फ्रिजच्या तापमानाला सी१-इनहिबिटरची पकड मंदावते, पण फॅक्टर १२ आणि कॅलिक्रीन यांची एकमेकांना पेटवण्याची क्रिया त्या मानाने चालू राहते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या आणि गरोदर स्त्रियांच्या प्लाझ्मात हा प्रकार जास्त दिसतो, कारण इस्ट्रोजेन फॅक्टर १२ वाढवते आणि सी१-इनहिबिटर थोडे घटवते. धाकटीही त्याच गोळ्या घेत होती. थंडीत फॅक्टर ७ जागा होण्याचा प्रकार अशा प्लाझ्मात १९७०च्या दशकापासून नोंदलेला आहे आणि त्याची सुरुवातही याच संपर्क मार्गातून होते.

हे किती सहज बिघडते हे आकड्यांत पाहावे. प्लाझ्मात कायनिनोजेन साधारण ६७० नॅनोमोलर असते आणि एका रेणूतून एक ब्रॅडिकायनिन निघते. निरोगी माणसाच्या रक्तातले ब्रॅडिकायनिन असते मोजके काही पिकोमोलर. आता नळीत कायनिनोजेनपैकी एकच टक्का कापला गेला असे धरा : ६.७ नॅनोमोलर, म्हणजे ६,७०० पिकोमोलर ब्रॅडिकायनिन. शरीरातल्या खऱ्या पातळीच्या हजारपट आवाज एका टक्क्याने निर्माण होतो. म्हणून नुसत्या सायट्रेट प्लाझ्मात ब्रॅडिकायनिन मोजून त्यावर निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. न्यूसबर्गर, कुन्यो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये झटक्याच्या वेळी ब्रॅडिकायनिन चढते हे दाखवले तेव्हा रक्त शिरेतून थेट गार इथेनॉलमध्ये घेतले होते, जेणेकरून सगळी एन्झाइमे त्याच क्षणी निकामी व्हावीत. क्षणात नाहीशा होणाऱ्या रेणूऐवजी मागे उरलेले कापलेले कायनिनोजेन मोजणे सोयीचे, कारण ते तासन्‌तास टिकते. पण तेही नळीत तयार होऊ शकते.

पुन्हा रक्त घेतले ते असे

दोघी बहिणींचे रक्त एकाच सकाळी, झटका नसताना, एकाच हाताने घेतले. सुई २१ गेजची, दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडलेला. पहिले ४ मिलिलिटर रक्त टाकून दिले, कारण सुई टोचताना ऊतींचा रस त्यात मिसळतो. त्यानंतर ३.२ टक्के सायट्रेटच्या पॉलिप्रोपिलीन नळ्या, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, खुणेपर्यंत पूर्ण भरलेल्या. काच नको, काचेचा पृष्ठभाग फॅक्टर १२ला जागे करतो, आणि नेमके तेच टाळायचे आहे. नळी हलकेच चार-पाच वेळा उलटीसुलटी केली, हिसडली नाही.

सगळ्यात शेवटी अवरोधक नळी. तिच्यात ईडीटीए, पॉलिब्रीन, बेन्झामिडीन आणि सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर. पॉलिब्रीन ऋणभारित पृष्ठभाग झाकते, ईडीटीए जस्त धरून ठेवते, उरलेली दोघे कॅलिक्रीनचे तोंड बंद करतात. रक्त नळीत पडले त्या क्षणी मार्ग जिथे होता तिथेच थांबतो. ही नळी शेवटी घ्यायची, कारण तिचा अंश सुईबरोबर सायट्रेटच्या नळीत गेला तर तो नमुना वाया जातो. त्याच कारणाने हिच्यातला प्लाझ्मा कार्यचाचणीला कधीही वापरायचा नाही. अवरोधकच मोजले जातील.

सायट्रेटच्या नळ्या खोलीच्या तापमानालाच, २० ते २२ अंशांना ठेवल्या आणि अर्ध्या तासात २,००० जी वेगाने १५ मिनिटे फिरवल्या. पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा सोडून वरचा उचलला आणि पुन्हा तसाच फिरवला. दुसरी फेरी बऱ्याच ठिकाणी वाचवली जाते. ती वाचवू नये : मागे राहिलेल्या प्लेटलेट गोठवताना फुटतात, त्यांतून पॉलिफॉस्फेट बाहेर येते, ते फॅक्टर १२ला जागे करते, शिवाय प्लेटलेटमध्ये स्वतःचे सी१-इनहिबिटरही असते. मग २५० मायक्रोलिटरचे भाग करून कोरड्या बर्फावर झटकन गोठवले आणि उणे ८० अंशांत ठेवले. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटे, एकदाच. रात्रभर फ्रिजमध्ये हळूहळू वितळवणे म्हणजे नमुना मुद्दाम धोक्याच्या तापमानात ठेवणे. बर्फ म्हणजे सुरक्षितता ही प्रयोगशाळेतली जुनी आणि बहुतेक ठिकाणी योग्य सवय. या एका मार्गाच्या बाबतीत ती घात करते. गोठवायचे तर खोलवर आणि लवकर, नाहीतर खोलीचेच तापमान बरे.

प्रत्येकीच्या रक्ताचे तीन हिस्से तपासले : अवरोधक नळी, लगेच गोठवलेला सायट्रेट प्लाझ्मा, आणि मुद्दाम १८ तास ४ अंशांत ठेवलेला सायट्रेट प्लाझ्मा. धाकटीच्या चौथ्या हिश्शात फ्रिजमध्ये ठेवण्याआधी कॉर्न ट्रिप्सिन इनहिबिटर घातले, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ते फॅक्टर १२ए अडवते, सी१-इनहिबिटरला हात लावत नाही.

कापलेले कायनिनोजेन वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीने, पाहिले. रिड्यूसिंग बफरमध्ये अखंड कायनिनोजेन १२० किलोडाल्टनला बसते. कापले की त्याची हलकी साखळी सुमारे ५६ला आणि पुढे ४६ला दिसते. प्लाझ्मा पुरेसा पातळ केला नाही तर वरची पट्टी संपृक्त होते आणि कापलेल्याचे प्रमाण खोटे जास्त दिसते, म्हणून एकाच नमुन्याचे तीन पातळ हिस्से चढवून रेषा सरळ आहे ना ते पाहिले. प्रत्येक जेलवर कायनिनोजेन नसलेला प्लाझ्मा आणि डेक्स्ट्रान सल्फेटने पूर्ण कापलेला प्लाझ्मा असे दोन साक्षीदार.

धाकटी : अवरोधक नळीत ६ टक्के, ताज्या सायट्रेटमध्ये ८, फ्रिजमधल्यात ६१. कॉर्न ट्रिप्सिन इनहिबिटर असलेल्या फ्रिजच्या हिश्शात ११. थोरली : ३६, ३९ आणि ९४. धाकटीच्या ताज्या नमुन्यात सी१-इनहिबिटर कार्य ८८ टक्के, एपीटीटी ३० सेकंद. त्या जेलच्या छायाचित्रात धाकटीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी आहेत. पहिल्या दोन जवळजवळ एकसारख्या, १२०वर एकच जाड रेघ. तिसरीत ती रेघ विरलेली आणि ५६वर नवी उमटलेली. रक्त तेच, सुई तीच, फरक फक्त एका रात्रीच्या फ्रिजचा.

अवरोधक नळीत थोरलीचे ३६ टक्के हा मात्र खरा आकडा. झटका नसतानाही तिच्या शरीरात हा मार्ग धुमसतो आहे. हे टक्के एका प्रयोगशाळेचे दुसरीशी ताडून पाहू नयेत. अँटिबॉडी बदलली, नळी बदलली की आकडे बदलतात. प्रत्येक ठिकाणी त्याच पद्धतीने घेतलेले निरोगी नमुने शेजारी हवेत.

जनुकाची तपासणी सोपी ठरली. सर्पिंग१ अकराव्या गुणसूत्रावर आहे, आठ एक्झॉनचे (एक्झॉन म्हणजे जनुकातले प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे). सापळ्याचा फास आठव्यात. थोरलीत आणि वडिलांत ४६६व्या आर्जिनीनच्या जागी सिस्टीन, धाकटीत नाही. टाइप १चे कुटुंब असते तर एवढ्यावर भागले नसते. या जनुकात अलू नावाचे पुनरावृत्त तुकडे दाटीने असल्याने आख्खे एक्झॉन गळण्याचे प्रकार घडतात आणि साध्या सँगर वाचनात ते दिसत नाहीत. त्यासाठी एमएलपीए ही तुकड्यांच्या प्रती मोजणारी चाचणी लागते. घरात आधी कुणालाच आजार नाही एवढ्यावरूनही तो फेटाळता येत नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत बदल नव्यानेच झालेला असतो.

उपचारांत काय बदलले

थोरलीच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या आणि केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या दिल्या. तिला पुढच्या वर्षी मूल हवे आहे, त्यामुळे डॅनाझोल या पुरुषी संप्रेरकासारख्या, गर्भाला घातक औषधाचा विचारच नाही, आणि दीर्घकालीन प्रतिबंधासाठी प्लाझ्मापासून काढलेले सी१-इनहिबिटर निवडले : त्वचेखाली, आठवड्यातून दोनदा, किलोमागे ६० युनिट. वजन ६२ किलो, म्हणजे दर वेळी ३,७२० युनिट. कार्य ४० टक्क्यांच्या वर राहावे एवढा हेतू. शंभर गाठण्याची गरज नाही. गरोदरपणाचा प्रश्न नसता तर कॅलिक्रीनला बांधणारे लानाडेलुमॅब, दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, हा चांगला पर्याय होता. कॅलिक्रीन अडवले तर रक्तस्राव होईल ही भीती अनाठायी आहे. फॅक्टर १२ किंवा प्रीकॅलिक्रीन जन्मतःच नसलेल्या माणसांचा एपीटीटी खूप लांबतो, तरी त्यांना रक्तस्रावाचा त्रास होत नाही. रॅट्नॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेले जॉन हेगमन, ज्यांच्या नावाने फॅक्टर १२ ओळखला जातो, हेही त्यांतलेच.

झटका आलाच तर शिरेतून सी१-इनहिबिटर, किलोमागे २० युनिट. हिशेबाने १,२४० येतात. कुप्या ५०० युनिटांच्या असल्याने तीन पूर्ण, १,५०० युनिट. वडिलांकडे बी२ रिसेप्टर अडवणारे इकॅटिबँट : ३० मिलिग्रॅम, पोटाच्या त्वचेखाली, अर्ध्या मिनिटाहून घाईने नाही, गरज पडल्यास सहा तासांनी पुन्हा, चोवीस तासांत जास्तीत जास्त तीन. टोचल्या जागी लाली आणि जळजळ होतेच, त्याला घाबरू नये. घशात सूज वाटली, आवाज बदलला, गिळता येईना, तर आधी इंजेक्शन घ्यायचे आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जायचे. विशिष्ट औषध मिळतच नसेल तर गोठवलेला ताजा प्लाझ्मा देतात. त्यात सी१-इनहिबिटर असते, पण त्याबरोबर कायनिनोजेन आणि प्रीकॅलिक्रीनही जाते, म्हणून श्वासमार्गाची तयारी हाताशी ठेवूनच.

वडिलांचे एनालाप्रिल बंद करून अॅम्लोडिपिन दिले. त्यांची अक्कलदाढ काढायची होती; तासभर आधी सी१-इनहिबिटरचे १,००० युनिट दिले, दुसरी मात्रा दोन दिवस तयार ठेवली. ती लागली नाही.

धाकटीच्या कागदांवरचा शेरा लेखी रद्द केला आणि तिला स्वतःला बसवून तिन्ही पट्ट्या दाखवल्या. तिच्या मुलांना हा बदल तिच्याकडून जाणार नाही. थोरलीच्या मुलाला जाण्याची शक्यता निम्मी. जनुकीय बदल माहीत असल्याने तो जन्मतःच पाहता येईल, पण सी१-इनहिबिटर आणि सी४ यांचे आकडे वर्षाच्या आत भरवशाचे नसतात, ते पहिल्या वाढदिवसानंतर.

वंशवृक्ष काढताना आत्याचे नाव पुढे आले. वय ५४, पोटदुखीसाठी दोनदा पोट उघडले गेलेले, दोन्ही वेळा काही सापडले नव्हते. तिचे रक्त सकाळी साडेआठला घेतले : सायट्रेटच्या दोन नळ्या, शेवटी अवरोधक नळी, नऊ वाजता सेंट्रीफ्यूजमध्ये. सी४ ४, प्रथिन ३७, कार्य १५ टक्के.